मायच्या हाताएवढं पातं

पहिला चाकू मी जालन्याहून आणला. आठ इंची पातं, काळी मूठ, वरून खोका, आणि खोक्यावर उंच टोपी घातलेला एक गोरा माणूस हसून राह्यलेला. मी खोका उघडला, चाकू मायच्या पुढ्यात ठेवला. तिनं चाकूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि भिंतीकडं तोंड केलं. शाळा उघडायला तव्हा नऊ दिवस राह्यले होते.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात मायला लकवा मारला. डाव्या अंगाला. दवाखान्यात बरेच दिवस काढले. पाय परत आला, म्हणजे ओढत का व्हईना, चालायला लागली. डावा हात मात्र नुसता लटकून. बोटं अर्धवट मिटलेली, त्यात काही धरायला दिलं की घरंगळून खाली. बोलणं जड झालं, शब्द तोंडातच चिकटायचे. डॉक्टर म्हणले, उजवा हात शाबूत राह्यला, नशीब समजा.

माय आमच्या गावच्या शाळेत खिचडी करती. गाव म्हणजे वाटूर फाट्यावरून आत वळलं की कापसाच्या रानातून जो रस्ता जातो, त्याच्या शेवटाला. हे काम तिला सुखासुखी मिळालेलं न्हाई. ती लागली तव्हा गावातली काही घरं लेकरांना घरून डबा बांधून द्यायची. आमच्या हातचं खायचं न्हाई म्हणून. माय कुणाला एक शब्द बोलली न्हाई. डबेवाल्या लेकरांना बी धरून सगळ्यांची खिचडी रोज शिजवायची. उरली तर उरली. दुसऱ्या वर्षी डबे अर्धे झाले. चौथ्या वर्षी त्याच घरची पोरं बुडाची खरवड पाहिजे म्हणून पातेल्यापाशी भांडायला लागली. ज्या दिवशी त्यातल्या एकानं तिला पहिल्यांदा "मावशी" म्हणलं, त्या दिवशी ती घरी येऊन भाकरी थापता थापता तेच तेच सांगत होती, आणि मी त्या पोराची नक्कल करून तिला पाच वेळा ऐकवलं होतं.

तर ते काम आता जायला लागलं होतं. हेडमास्तर सर घरी आल्ते. माणूस वाईट न्हाई. दर वाक्याला "बरोबर ना?" म्हणतात आणि समोरचा मान हलवेपर्यंत थांबतात.

"मावशींनी शाळा उघडेल त्या दिवशी यावं. एक दिवस स्वयंपाक करून दाखवावा. बरोबर ना? जमलं तर आनंदच आहे. नाही जमलं तर समितीला दुसरी बाई बघावी लागेल. अर्ज आलेत. बरोबर ना?"

माय म्हणली, "येते."

सरांना ते समजलं न्हाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, "येते म्हणली सर." मायनं तव्हाच खाली मान घातली.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातंय. मला लहानपणापासून नकलांची खोड हाय. एसटीचा कंडक्टर, लग्नातला माईकवाला, कॉलेजातले सर, कापसाचा व्यापारी, जो दिसंल तो. आणि माझ्या सगळ्या आयटममधी हिट आयटम म्हणजे माय. "ए कारट्या, पाणी भरलं का, का टाकीला बी बोलत बसलास?" हे मी तिच्या आवाजात म्हणलं की तीच पदर तोंडाला लावून हसायची. "मुडद्या, मी अशी बोलती व्हय?" म्हणायची, आणि ते बी बिलकुल तसंच म्हणायची.

सर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी एका मित्राचा फोन आला. म्हणला, माय कशी हाय, बोलती का? मी म्हणलो, बोलती ना. आणि माझं तोंड आपोआप सुटलं. तिचा तो जड झालेला आवाज, "भाकर खा" म्हणताना अडकायची तसं, जसंच्या तसं. विचार करून केलं असतं तर आलंच नसतं. मित्र हसला न्हाई. मी वळलो तर माय दाराच्या चौकटीला धरून उभी.

चिडली न्हाई ती. चिडली असती तर बरं झालं असतं. हळूहळू पाय ओढत गेली आणि खाटेवर बसली. त्या दिवसापासून तिनं बोलणं बंद केलं. माझ्याशीच न्हाई, कुणाशीच. काही विचारलं तर मुंडी हलवायची. हो, न्हाई, बस. मी पाया पडलो, रडलो, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तिनं मुंडी बी हलवली न्हाई.

मंग मला दुसरं काही सुचलं न्हाई. बोलणं मी घालवलं, निदान तिचं काम तरी जाऊ द्यायचं न्हाई, एवढंच डोक्यात.

कामाची पहिली अडचण म्हणजे कापणं. मायचं सगळं आयुष्य इळीवर गेलं. जमिनीवर बसायचं, इळीच्या पाटावर पाय दाबायचा, आणि उभ्या पात्यावर दोन्ही हातांनी भाजी ढकलायची. पातं जागेवर, भाजी हलती. दवाखान्यातून आली त्याच आठवड्यात तिनं करून बघितलं होतं. बसायलाच मला धरावं लागलं. बटाटा डाव्या हातातून निसटला, उजवा तळवा पात्यावर गेला. थोडक्यात निभावलं. बाबा जालन्याला सळईच्या कारखान्यात असतात, सुट्टीला घरी येतात. त्या सुट्टीला त्यांनी इळी उचलली आणि माळ्यावर टाकून दिली. "हिला दोन हात लागतात," एवढंच म्हणले.

एका हाताचं काम म्हणजे चाकू. आणि आमच्या घरात चाकू म्हणजे केकसोबत येतो तो प्लॅस्टिकचा. दोन होते, दोन्ही मीच जपून ठेवलेले.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी एक युक्ती सांगितली होती. लाकडी पाटाला खालून दोन लांब खिळे ठोकायचे, टोकं वर येऊ द्यायची. त्याच्यात बटाटा, कांदा रोवला की तो हलत न्हाई, दुसऱ्या हाताची गरजच न्हाई. तो पाट मी करून घेतला. राह्यलं पातं. किती लांब? मला वाटलं हा काय प्रश्न हाय. मायची इळी डोळ्यासमोर आणली, पात्याला बुडापासून टोकापर्यंत मनानंच मोजलं, आणि जालन्याच्या भांडीगल्लीत जाऊन म्हणलो, मोठा द्या.

दुकानदार चाचा खूश. "बडाच लेव भैय्या. बडे से छोटा काम हो जाता, छोटे से बडा काम नई होता. टरबूज काटो, कोबी काटो, घर में कोई घुसा तो उसकू दिखाव."

घरी आल्यावर मी मायला टेबलापाशी खुर्चीवर बसवलं, पाटावर कांदा रोवला, चाकू हातात दिला. भिंतीकडून तोंड वळवायलाच अर्धा तास गेला. मंग तिनं कापायला घेतलं. मूठ इकडं, टोक तिकडं, आणि मधी कांदा बिचारा. नवीन स्कूटर शिकणाऱ्यासारखं ते टोक भलतीकडंच जाऊन राह्यलं. एकदा तांब्याला लागलं, एकदा पिठाच्या डब्याला. पातं कांद्यावर आणायचं म्हणजे तिला कोपर पार कानापर्यंत उचलावं लागायचं, आणि कोपर वर गेलं की सगळं अंग डावीकडं कलायचं, जिकडं जोर न्हाई तिकडं. तिसऱ्यांदा कलली तव्हा मी खुर्चीसकट धरली म्हणून राह्यली.

तिनं श्वास घेतला. मंग असं काही केलं की माझ्या अंगावर काटा आला. चाकूची मूठ दोन्ही गुडघ्यांच्या मधी दाबली, धार आपल्याकडं करून पातं उभं केलं, आणि उजव्या हातानं बटाटा त्याच्यावर ढकलायला लागली. इळी केली तिनं त्याची. पातं गुडघ्यात डुलून राह्यलं, मी ओरडलो, "माय, बोटं जातील!" आणि हिसकावून घेतला. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात पहिल्यांदा राग होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बोलली न्हाई.

दुसरा चाकू मी वाटूर फाट्यावरून घेतला. या वेळी उलटं केलं. चार इंची, हलका, लाल मूठ. आणि सुरवातीला काय चालला म्हणता! मिरच्या, लसूण, कोथमीर, सगळं सरासरा. मायनं एवढ्या मिरच्या कापल्या की शेजारची बाई दारातूनच खोकून परत गेली. मी घरात नाचलो. मंग कोबी ठेवला.

चार इंची पातं कोबीत गेलं ते गेलंच. मूठ कोबीच्या पाठीवर आपटली आणि खाली अजून अर्धा कोबी तसाच. तिनं बाहेर काढलं, फिरवलं, दुसऱ्या बाजूनं घातलं. परत फिरवलं. दुधीचं बी तसंच. इळीवर जो कोबी ती गप्पा मारता मारता संपवायची, त्याला या चाकूनं एवढा वेळ लागला की माझा दोनदा चहा झाला. तिच्या मनगटाला कळ लागली, बोटं थरथरायला लागली. शाळेत असे चार कोबी, वर बटाटे, कांदे, टमाटे. साडेअकराला लेकरं ताटं घेऊन बसतात. तिनं चाकू कोबीच्या पोटात तसाच खुपसून ठेवला, उठली, आणि खाटेवर जाऊन झोपली. भर सकाळी.

पाच दिवस राह्यले.

मी मोजायचा टेप घेऊन बसलो. घरात लग्नाच्या पत्रिका पडल्या होत्या, त्यांचे जाड पुठ्ठे कापून पाती केली. पाच इंची, सहा इंची, सात इंची. तिन्हींना मुठी बी काढल्या. मायपाशी जाऊन बसलो आणि जालन्याच्या चाचाचा आवाज काढला. "बाईसाब, ये देखो पाच का माल, एकदम नाजूक. ये सात का, इसपे टरबूज फ्री." तिनं डोळे मिटले. मी म्हणलो, माय, नुसतं बोट लाव. हे का हे का हे. तिनं कूस बदलली. मी ती तीन पुठ्ठ्याची पाती हातात धरून बसून राह्यलो. एवढा मोठा बावीस वर्षांचा माणूस. नकला करून करून कॉलेजात नाव कमावलेला, आणि आपल्याच मायच्या हाताला काय पाहिजे ते कळत न्हाई. ती बोलायची तव्हा मी नुसता आवाज ऐकायचो, असं वाटायला लागलं. काय म्हणून राह्यली ते कवा ऐकलंच न्हाई.

परतूरच्या बाजाराला जायचं ठरवलं. तिथं बाजाराच्या कडंला एक लोहार काका बसतात, कोयते, खुरपी, इळ्यांना धार लावून देतात. माळ्यावरून इळी काढली, पोत्यात गुंडाळली. माझ्या डोक्यात होतं की हिचंच पातं तोडून चाकू करून घ्यावा. मायला विचारलं न्हाई. विचारून बी काय, मुंडीच हलवणार.

काका भात्यापाशी बसले होते. हात चालू, तोंड बी चालू.

"काका, चाकू करून पाहिजे. सगळ्या कामाचा."

"सगळ्या कामाचा? बकरं बी आणि कोथमीर बी?"

"खिचडीसाठी."

"खिचडी कापून खाता व्हय तुम्ही? लई घट्ट करती का बायको?"

"बायको न्हाई काका, माय. शाळेत खिचडी करती ती. भाजी कापायला."

"मंग तसं बोल की. किती लांब करू?"

"तेच तर माहीत न्हाई."

"माय कुठं हाय?"

"घरी."

"म्हणजे हात घरी ठेवला आणि चाकू करायला निघाला. चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवतो का रे?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. एरवी मी याच्यावर दोन वाक्यं टाकली असती, आणि ती बी काकांच्याच आवाजात. त्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. लकवा, आठ इंची, चार इंची, कोबी, पाच दिवस. बोलत न्हाई ते बी सांगितलं. कामून बोलत न्हाई ते सांगितलं न्हाई.

काकांनी पोतं माझ्या हातातून घेतलं, इळी काढली. पात्यावरून अंगठा फिरवला, खालून वर. मंग परत वरून खाली. ऊन पडंल असं धरून बघितलं.

"तुझी माय ठेंगणी हाय."

"हो."

"आणि उजव्या हातानं जोर लावती. डावा नुसता धरायला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"इकडं ये, बघ." त्यांनी माझं बोट धरून पात्यावर फिरवलं, पोराला अक्षर गिरवायला शिकवतात तसं. पात्याचं बूड जाड, काळं, जवळपास नव्यासारखं. वरचं टोक बी तसंच, नुसतं गंजलेलं. मधी मात्र पातं झिजून आत गेलेलं, पातळ, पांढरं, नदीचा काठ आत जातो तसं. "एवढं मोठं पातं, पण हिनं आजवर कापलं ते एवढ्यातच. खालचं आणि वरचं नुसतं सोबतीला. हाताला जेवढं पाहिजे तेवढंच ते घेतं. टोक बिक त्याला काय करायचंय."

झाडूची एक काडी घेऊन त्यांनी झिजलेल्या जागेवर ठेवली, दोन्हीकडून नखानं खूण केली आणि मोडली. माझ्या हातात दिली. मी खिशातला टेप काढून लावला. सहा इंचाला थोडी कमी.

"याच्यात कोबी व्हईल?"

"कोबी आधी मधून फोडायचा. अर्धा झाला की सहात बसतो. आणि लसणाला बी जड जाणार न्हाई. टोक हाताच्या पुढं दोन बोटंच जाईल, म्हणजे ते भरकटणार न्हाई. कोपर उचलायचं कामच न्हाई, टोक पाटावर टेकवायचं आणि मूठ खाली दाबायची. मुठीकडं पातं रुंद ठेवतो, बोटं पाटाला आपटायची न्हाईत. एकच हात हाय ना, तर मूठ बी जाड करू." मंग त्यांनी इळी उचलली. "याचंच करू का? लोखंड जुनं हाय, लई चांगलं."

मी त्याच्यासाठीच तर आणली होती. पण ती झिजलेली जागा बघितल्यावर माझ्या तोंडून हो निघंना. ती तोडायची म्हणजे माय आता कधीच इळीवर बसणार न्हाई, हे मीच ठरवून टाकल्यासारखं. बोलणं तर मी आधीच बंद केलं होतं तिचं.

"न्हाई काका. ही राहू द्या."

"मंग गाडीच्या कमानपाट्याचं करतो. बस तिकडं, भाता मार."

भाता मारून मारून माझे खांदे भरून आले. घरी पोहोचलो तव्हा मायनं आधी चाकू बघितलाच न्हाई. माझ्या काखेतलं पोतं बघितलं. हात पुढं केला. मी इळी दिली. तिनं पातं चाचपलं, सगळं जागेवर हाय का बघितलं, आणि पाय ओढत जाऊन इळी चुलीपाशी कोपऱ्यात उभी केली. माळ्यावर न्हाई. मंग खुर्चीवर बसली.

कोबी मी ठेवला. तिनं पातं मधोमध ठेवलं आणि अंगाचा भार दिला. खच्चकन दोन तुकडे. अर्धा पालथा घातला, टोक पाटावर टेकवलं, आणि मूठ खाली, वर, खाली, वर. कोपर जागचं हललं न्हाई. अंग कललं न्हाई. कोबी बारीक पडत गेला. इळीसारखा पातळ न्हाई, थोडा जाड, पण पडत गेला. मंग दुधी. मंग कांदा. लसणाला वेळ लागला, पण झाला. मी तोंड दाबून उभा होतो. काही बोललो तर मोडंल असं वाटून राह्यलं होतं.

ती बी बोलली न्हाई. पण त्या दिवसापासून शाळा उघडेपर्यंत तिनं घरातलं, शेजारचं, त्याच्या शेजारचं, जे सापडंल ते कापलं. आम्ही तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कोबी खाल्ला. बाबा सुट्टीला आले, ताटात बघितलं आणि मुकाट्यानं लोणचं मागितलं.

शाळा उघडली त्या दिवशी आम्ही नऊलाच पोहोचलो. खिचडीच्या खोलीत तिची मदतनीस बाई आधीच आल्ती. दोघी बरीच वर्षं सोबत हायत. एक स्वयंपाकीण, एक हाताखाली.

"आल्या का आक्का! मला वाटलं तुमच्या पोरानं बडबडून बडबडून तुम्हाला पार संपवलं असंल."

मायच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. तेवढंच.

हेडमास्तर सर दाराशी खुर्ची टाकून बसले. मायनं पाट मांडला, चाकू काढला आणि सुरू झाली. कांदे, बटाटे, टमाटे, कोबी. सर घड्याळ बघायचे, मंग चाकू बघायचे. पंधरा मिनिटांनी घड्याळ बघणं सोडून दिलं त्यांनी. दहा वाजून गेले तव्हा सगळी भाजी परातीत होती.

"मावशी, कापणं तर छानच जमलं. बरोबर ना?" सर उठले. मंग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पातेल्याकडं गेली. ते मोठं पातेलं, ज्यात सगळ्या शाळेची खिचडी व्हायची. भरलं की दोघी दोन कडांना धरून उतरवायच्या. दोघींचे मिळून चार हात. "पण हे कसं उतरणार?"

चार इंच, सहा इंच, आठ इंच करत नऊ दिवस घालवले आणि हे मला एकदा बी सुचलं न्हाई. बिलकुल न्हाई. मी म्हणलो, "सर, मी येतो रोज."

"रोज? आणि कॉलेज?"

मी पातेल्याची एक कड धरून बघितली.

मदतनीस बाईनं पातेल्याकडं बघितलं, मायकडं बघितलं. "दोन टोपांत करू सर. लहान टोप मी एकटी उतरविते. आक्कांनी नुसतं बघायचं."

"गॅस जास्त जाईल. आणि नुसतं बघायला बाई ठेवता येत नाही हो. मग स्वयंपाकीण कोण?"

मायनं चाकू खाली ठेवला न्हाई. तोंड उघडलं. "मी... मी..." एवढं आलं आणि पुढचं अडकलं. सरांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं, काय म्हणून राह्यली विचारायला. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मायनं उजवा हात वर केला, मला गप कर म्हणून. हातात चाकू तसाच होता. सर एक पाऊल मागं सरकले.

"मीठ," माय म्हणली. "मी. टाकीन."

दहा-बारा दिवसांनी ऐकला मी तिचा आवाज. जड होता, अडकत होता, पण प्रत्येक शब्द वेगळा.

"ऐकलं का सर," मदतनीस बाई म्हणली. "मीठ त्या टाकणार. मंग स्वयंपाकीण कोण ते तुम्हीच सांगा." सर परत खुर्चीवर बसले.

दोन टोप चढले. तांदूळ, डाळ, भाजी, हळद. खिचडी रटरटायला लागली तसं मायनं चाकू खाली ठेवला आणि मिठाच्या डब्यात हात घातला. पहिल्या टोपात एक मूठ. आणखी एक मूठ. आणि तिसरी अर्धी. वर्षानुवर्षं त्या मोठ्या पातेल्यात टाकायची तशी. मंग दुसऱ्या टोपासाठी डब्यात हात घातला, आणि तसाच थांबला. तिनं आपल्या मुठीकडं बघितलं. पहिल्या टोपाकडं बघितलं. मला कळलं. सगळ्या शाळेचं मीठ तिनं अर्ध्याच खिचडीत टाकलं होतं. हाताला जुनं पातेलंच माहीत होतं, त्याला कोण सांगणार की आज दोन टोप हायत. तिनं मूठ डब्यात रिकामी केली. दुसरा टोप तसाच ठेवला, अळणी.

लेकरांना वाढायच्या आधी सरांनी चाखायचं असतं, आणि चव कशी होती ते रजिस्टरमधी लिहायचं असतं. सर चमचा घेऊन आले. पहिल्याच टोपात घातला. एक घास घेतला, आणि त्यांचं तोंड बघून मला खात्री झाली की संपलं. चाकू, काडी, पाट, भाता, सगळं पाण्यात. बाहेर लेकरं ओळीनं बसली होती, ताटं वाजवत.

"मावशी, हे तर..."

"एक पळी," माय म्हणली. हळू, थांबून. चाकू उचलला आणि त्यानंच पहिल्या टोपाकडं दाखवलं. "हिकडची." मंग दुसऱ्याकडं. "एक. तिकडची."

मदतनीस बाईला जल्दी समजलं. तिनं एका ताटात खारटातली एक पळी टाकली, अळणीतली एक, कालवलं, आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मंग ताट तसंच घेऊन ते टेबलापाशी गेले आणि रजिस्टर उघडलं. काय लिहिलं ते मला दिसलं न्हाई. लिहिता लिहिता म्हणले, "महिनाभर बघू. बरोबर ना?" आणि मान वर करून थांबले.

मायनं मान हलवली.

त्या दिवशी सगळ्या शाळेला दोन दोन पळ्यांनी वाढलं. एक पोरगं म्हणलं, "मावशी, मला दोन्ही हिकडचीच." मायनं त्याला दोन्हीकडचीच दिली.

येताना ती माझ्या पुढं चालत होती, पाय ओढत. महिना म्हणजे काही कायमचं न्हाई, हे मला बी माहीत होतं आणि तिला बी. पुढच्या महिन्यात सर काय म्हणतील, समिती काय म्हणंल, अजून काहीच माहीत न्हाई. दुकानापाशी ती थांबली, दम घ्यायला. माझ्याकडं न बघता म्हणली, "मूठ. जाड हाय."

"आणि पातं?"

तिनं विचार केला. "पातं बराबर."

"मंग परतूरच्या पुढच्या बाजाराला घासून आणतो मूठ."

"बाजारापर्यंत... न्हाई," माय म्हणली आणि चालायला लागली. "उद्या पाहिजे."